उणे बारा

सूरच्या खाडीत भरती यायला अजून तासभर होता.
यार्डात सागवानाचा भुसा, माशाच्या तेलाचा उग्र वास,
आणि माझ्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र,
वाऱ्यासाठी त्याच्या डोक्यावर केसाळ टोपी.
हमदान म्हणाला, हे मांजर कुठून आणलंस?

मी गोदामाचा हिशेबनीस, बाणकोटचा.
आवाज धरणं हा माझा धंदा नव्हे.
म्युझियमच्या बाईंनी यंत्र दिलं
आणि पाकिटाच्या पाठीवर एक ओळ लिहून दिली:
काटा उणे बाराच्या आसपास ठेवा, शून्याला लागू देऊ नका.

मला हसू आलं.
तेवीस वर्षं या देशात मी
उण्यातून वर यायला घालवली,
आणि इथे शून्य म्हणजे छत.
गाणं, बोलणं, खोकणं, सगळं त्याच्या खाली
वाकून राहायचं.

हमदानला म्हटलं, चाचा, एकदा हाक द्या ना,
गलबत लोटताना देता तशी.
त्याने घसा खाकरला, लाजला, आणि दिली.
उणे अठरा.
मला वाटलं, फारच बारीक येतंय.
चक्री फिरवली, अजून थोडी,
पुन्हा हाक, आता उणे सहा.
मीटर कसं भरगच्च हिरवं,
ठासून भरलेल्या तांदळाच्या पोत्यासारखं.
बरं वाटलं.

चाचणीत माणूस अर्धाच ओरडतो,
हे पाकिटावर लिहिलं नव्हतं.
सैल दोराला कोण जीव लावून ओढतो?

मग पाणी चढलं.
राघवन आचारीने शेवटचे टेकू पाडले,
चाळीस माणसं दोराला भिडली,
आणि हमदानने डोळे मिटून
बेंबीच्या खालून कुठून तरी

लाल.
लाल, लाल, मग नुसतं लालच.
कानात पत्रा फाटला.
अंगठा चक्रीपाशी पोचला तेव्हा
गलबत पाण्यात डुलत होतं
आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती.

रात्री खोलीत पुन्हा पुन्हा ऐकलं.
पडद्यावर डोंगररांग, पण प्रत्येक डोंगराचा माथा
करवतीने सपाट कापलेला.
आवाज कमी केला, अजून कमी केला,
तर फाटलेलंच हळू ऐकू आलं.
बारीक आलेलं नंतर वर उचलता येतं,
थोडी खरखर सोबत येते, येईना का.
कापलेला माथा मात्र
कुठल्याच फोल्डरात सापडत नाही.

सकाळी गेलो, म्हटलं, चाचा, पुन्हा एकदा.
तो चहा फुंकत म्हणाला,
गलबत वर ओढून आण, मग देतो.

त्या यार्डात नंतर मोठं काम आलंच नाही.
हमदान आता हातभर लांबीची गलबतं करतो,
पर्यटक ती काखेत मारून नेतात.
त्यांना लोटायला हाक लागत नाही.

यंत्र बाईंनी परत मागितलं नाही.
आता मी समोरच्याला जोरात बोलायला लावतो,
काटा पाहतो,
आणि त्याहून चांगला दोन बोटं खाली जातो,
जे अजून कुणी ओरडलेलं नाही त्याच्यासाठी.
कार्डात तासणीचे ठोके आहेत,
बर्फाच्या कारखान्यात लादी ट्रकमध्ये पडते तो धडाका,
राघवनचं घोरणं, गुरुवारचा बकरीबाजार.
सगळं स्वच्छ. एकदाही लाल नाही.

फक्त बाणकोटहून येतं ते सोडून.
अम्मी फोन ओठांना चिकटवून बोलते,
प्रत्येक प आणि फ म्हणजे फटाका.
सांगून पाहिलं, वीतभर लांब धर, साफ येईल.
म्हणाली, आदीच तू येवढा लांब,
त्यात मी फोन पन लांब धरू?

तिची चक्री माझ्या हातात नाही.
रोज रात्री साडेनऊला
पत्रा फाटतो:
जेवलास काय?